चाहत्यानेच हटकावं

मोठ्या आवाजाच्या मैफलीला जाऊन आलेला माणूस आठवण सांगायला बसला की गाण्याच्या आधी आवाजाचं सांगतो. छातीत कसं धडधडत होतं, पोटात बेस कसा शिरत होता, घरी आल्यावर दोन दिवस कानात कशी शिट्टी वाजत होती. मुंबईच्या रंगभवनात रॉक ऐकलेली पिढी आता पन्नाशी-साठीला आली आहे. धोबी तलावचं ते उघडं नाट्यगृह, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव तिथलाच. ‘रॉक मशीन’ बँड आणि त्याचा गिटारवादक महेश तिनईकर ही नावं काढली की या लोकांचे डोळे अजून चमकतात. आमच्या वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावर, गाडी धरून मुंबईला शिकायला गेलेली काही पोरंही ते वेड घेऊन परत आली. त्यांच्याही आठवणीत पहिला नंबर कानातल्या शिट्टीचा.

ती शिट्टी ते पदक मिळाल्यासारखी सांगतात. पदक कसलं, ती इजा असते. कानाच्या आतल्या शंखात आवाज पकडणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब सरळ आहे. ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. १२० डेसिबलला जेमतेम नऊ सेकंद.

१२० चा आकडा मी हवेतून आणलेला नाही. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानात ‘द हू’ या बँडची मैफल झाली, तिथे पन्नास मीटरवर तेवढा आवाज मोजला गेला आणि गिनेस बुकात जगातली सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून नोंद झाली. पुढे गिनेसनेच हा विक्रम बंद केला, कारण त्यातून लोकांचे कान जाण्याला उत्तेजन मिळेल अशी भीती होती. त्या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याचं ऐकणं अधू झालं. त्याने ते लपवलं नाही. वादकांना आणि श्रोत्यांना कान जपायला सांगणाऱ्या कामाला त्याने पैसा दिला. हा मोठेपणा आहे, आणि तो चाहत्यांच्या आठवणींत फारसा येत नाही. आठवणीत येतो तो १२० चा आकडा.

आपल्याकडे रॉक नाही असं कुणी समजू नये. भंडारा जिल्ह्यात धुमाल आहे. गणपती विसर्जनाला, लग्नाच्या वरातीला, जयंतीच्या मिरवणुकीला धुमालची गाडी येते तेव्हा काय होतं ते आमच्या माणसाला सांगावं लागत नाही. गाडीवर माणसापेक्षा उंच रचलेले बॉक्स, मागे जनरेटर, एका बाजूला कीबोर्डवाला, पुढे पॅड आणि ताशा. गाडी गल्लीत वळली की आधी पत्रे थरथरतात, मग फळीवरची भांडी, मग खिडकीची काच. मागून ऐकू येतं गाणं. पोरांना अमुक पार्टीचा पॅडवाला आणि तमुक पार्टीचा कीबोर्डवाला नावानिशी पाठ असतो. कोणत्या साली कोणत्या चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि कुणी कुणाला दाबलं, यावर पानटपरीवर तास-तास जातात. रंगभवनातल्या चाहत्यात आणि आमच्या तुमसर-पवनीच्या पोरात मला काडीचा फरक दिसत नाही. दोघांचं प्रेम खरं आहे. मी त्या प्रेमाच्या बाजूचा आहे, म्हणूनच पुढचं लिहितो.

त्याच १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात आणखी दोन गोष्टी घडल्या. ४ जूनला लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या शीख विद्यार्थ्याचा गोऱ्या टोळक्याने खून केला. आणि ५ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या ओडियन नाट्यगृहात एरिक क्लॅप्टन दारूच्या नशेत माइकपुढे उभा राहिला.

क्लॅप्टन म्हणजे लहानसहान नाव नव्हे. साठच्या दशकात लंडनच्या भिंतींवर चाहत्यांनी ‘क्लॅप्टन देव आहे’ असं लिहून ठेवलं होतं. तो त्या रात्री गिटार सोडून बोलायला लागला. बाहेरून आलेल्या लोकांना देशातून हाकला, इनॉक पॉवेलला पाठिंबा द्या, असं त्याने भर मैफलीत सांगितलं, तेही अर्वाच्य शिव्या देत. हा पॉवेल म्हणजे १९६८ साली त्याच बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण करणारा खासदार. गावही कोणतं, तर जिथे पंजाबी, गुजराती, वेस्ट इंडियन कुटुंबं कारखान्यांत राबत होती.

हा माणूस गिटार शिकला तो अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज वादकांचं ऐकून. १९७४ साली अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर पोचला तो जमैकाच्या बॉब मार्लीचं गाणं गाऊन. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली, तिच्यातही क्लॅप्टन वाजवायला होता. निर्वासितांसाठी वाजवणारे हात आणि परक्यांना हाकला म्हणणारं तोंड एकाच माणसाचं, अंतर पाच वर्षांचं.

भंडाऱ्याच्या वाचकाला ही गोष्ट लांबची वाटू नये. गोंदिया आपल्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी अर्जुनी मोरगाव हा आपलाच तालुका होता. तिथे पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत, आणि गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. या लोकांना आपण जागा दिली. ते भात लावतात, स्वेटर विकतात, त्यांची मुलं मराठी बोलतात. कुणी स्टेजवर चढून ‘यांना हाकला’ म्हणाला तर कुणाच्या घरात भीती शिरेल, हे आपल्याला चेहऱ्यानिशी माहीत आहे.

बर्मिंगहॅमच्या त्या रात्रीनंतर जे झालं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ना सरकार आधी बोललं, ना पोलीस. बोलले ते रॉकवर जीव टाकणारे लोक. रेड सॉन्डर्स नावाचा एक फोटोग्राफर, रॉजर हडल नावाचा त्याचा मित्र आणि आणखी काही जण. त्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना जाहीर पत्र लिहिलं. तुझं अर्धं संगीत काळ्या लोकांचं आहे आणि तू त्यांनाच हाकलतोस, असा त्याचा रोख. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी आम्हाला लिहा, असंही त्यात होतं. शेकडो पत्रं आली. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारो पोरं चालत गेली आणि तिथे ‘द क्लॅश’ वाजलं, बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ वस्तीतल्या काळ्या पोरांचं ‘स्टील पल्स’ही वाजलं. आवाज तिथेही मोठाच होता. पण त्या आवाजाला काय म्हणायचं आहे ते ऐकणाऱ्यांनी आधी ठरवलं होतं.

क्लॅप्टनने पुढे अनेक वर्षांनी त्या बोलण्याची लाज वाटते असं कबूल केलं. २०१८ साली त्याने आपलं ऐकू येणं कमी झाल्याचं आणि कानात सतत आवाज येत असल्याचंही सांगितलं. त्याचं वादन आजही थोर आहे, आणि मी ते ऐकतो. पण ‘कलाकार वेगळा, माणूस वेगळा’ असं म्हणून जे चाहते विषय मिटवतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. बोलणं त्याच माइकवरून झालं होतं, त्याच तिकिटाच्या पैशात, त्याच टाळ्यांच्या मध्ये. तिकीट काढणाऱ्याला त्याबद्दल बोलायचा हक्क आहे. मी तर म्हणेन, पहिला हक्क त्याचाच.

आता आपल्या चौकात या. मिरवणूक दुसऱ्या समाजाच्या वस्तीतून जाताना मुद्दाम काही गाणी लावली जातात. प्रार्थनास्थळासमोर गाडी थांबवून बेस वाढवायला लावतात. कुणाला चिडवायचं ते आधी ठरलेलं असतं, गाणं निमित्त असतं. धुमालवाला बिचारा सांगेल ते वाजवतो, त्याचं पोट वाजवण्यावर आहे. सांगणारा मंडळातला एखादाच असतो. बाकीची पन्नास पोरं तालात असतात, त्यांचं त्या शब्दांकडे लक्षही नसतं. मोठ्या आवाजाचा हा खरा धोका आहे. कान फुटतात ते वेगळंच, पण त्या दणदणाटात एक जण काय म्हणून घेतो ते पन्नास जणांच्या नावावर चढतं. दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला की यादीत त्या पन्नास पोरांची नावं असतात, आणि पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती अडकतात. सांगणारा मोकळा.

कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, सरकारने तसं जाहीर केलं असेल तर. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, वर्षातले सरकारने ठरवलेले मोजके दिवस सोडून. रंगभवनाच्या जवळ कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं आहेत, म्हणून २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या रॉक मैफली बंद पडल्या. रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर ते योग्यच झालं. पण तिकीट काढून एका जागी बसून ऐकणाऱ्याचा आवाज बंद झाला आणि ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्या दारात जाऊन वाजणारा आवाज वाढतच गेला, हे मला अन्यायाचं वाटतं. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकाचंही तेच. भाऊबीजेपासून गावोगाव मंडईची जत्रा भरते, दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. पडदा उघडतो तोच दहाच्या पुढे. दिवसभर धान कापून आलेला माणूस घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतो, आवडलं तर ‘वन्स मोअर’ देतो, नाही आवडलं तर उठून जातो. तिथे आवाज नाट्यमंडपापुरता ठेवता येतो, शब्द ऐकू येतात, आणि नट वावगं बोलला तर पुढच्या रांगेतली म्हातारी तिथल्या तिथे त्याला सुनावते. दहाच्या नियमाची टांगती तलवार मात्र या नाटकावर, आणि बॉक्सचा डोंगर घेऊन फिरणारी गाडी चौकाचौकात बिनघोर. प्रशासनाने हा फरक ओळखावा. डेसिबल मोजायचं यंत्र पोलिसांकडे असतं. ते विसर्जनाच्या रात्री गाडीसमोर धरावं.

तरीही मी पोलिसांवर विसंबून नाही. पोलीस एका रात्री येतील, मंडळ वर्षभर असतं. बेसच्या पुढ्यात बापाच्या खांद्यावर बसलेलं तीन वर्षांचं पोर मी दर विसर्जनाला पाहतो. त्या बापाला हटकायला शिपाई लागत नाही, शेजारी नाचणारा मित्र पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मैफलींसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवायला सांगितलं आहे. १०० म्हणजे काही कमी नव्हे, त्यात भरपूर नाचता येतं. कानात घालायचे फोमचे बोळेही स्वस्तात मिळतात, त्यांनी थोडी तरी राखण होते, आणि ते घातल्याने कुणाचा पुरुषार्थ कमी होत नाही.

मंडळातल्या पोरांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या खेपेला धुमालची सुपारी द्यायला जाल तेव्हा पैशांच्या बोलीबरोबर तीन अटी घाला, आणि त्या वहीत लिहून घ्या. दवाखान्यासमोर वाजवायचं नाही. कुणाच्या जातीला, धर्माला डिवचणारं गाणं लावायचं नाही, मग मंडळाच्या अध्यक्षाने सांगितलं तरी. आणि बॉक्सच्या पुढे लहान मूल दिसलं तर गाडी थांबवायची.