सोळा टक्क्यांच्या थापेबद्दल: ह्युमिडिटी मीटर यांस खुले पत्र

श्री. ह्युमिडिटी मीटर यांस,
मुक्काम थर्माकोलचा डबा, मागची खोली, पूर्णा.

स. न. वि. वि.

आपण मजेत असालच. लाईट गेली की अंडी उबवायच्या डब्यातला बल्ब विझतो, पंखा थांबतो, आम्ही हवेची भोकं मोकळी ठेवून डब्यावर गोधडी टाकतो आणि लाईट कधी येणार म्हणून गल्लीभर चौकशी करत फिरतो. आपलं तसं नाही. पोटात दोन बटन सेल, पुढे काच आणि काचेवर ठळक 65. इतकी निश्चिंत प्रकृती दीड-दोनशे रुपयांत मिळते, याची कल्पना नव्हती.

पत्रास कारण की, आपल्या देखरेखीखाली बसवलेल्या गावरान अंड्यांतली निम्म्याहून जास्त पिल्लं आतल्या आत राहिली. सगळी पूर्ण वाढलेली. अंगावर पिसं होती, कवच फोडायला चोचीवर जो टोकदार पांढरा दाणा येतो तोही आला होता. फक्त बाहेर पडली नाहीत.

आधी आळ भलत्यांवरच आला. सासूबाई म्हणाल्या, अंड्यांत लोखंडाचा तुकडा ठेवायचा असतो, तो ठेवला नाही. शेजारच्या काकूंनी कोंबड्यावर बोट ठेवलं. पण सातव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरली तेव्हा लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे कोंबडा निर्दोष सुटला. मग बर्ड फ्लूचं नाव निघालं. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात, मुरुंब्याला, त्यानं कोंबड्या गेल्या. तेव्हापासून इकडे कोंबडी जरा पेंगली तरी तेच नाव निघतं. आमच्या कोंबड्या मात्र त्याही वेळी उकिरडा उकरण्यात दंग होत्या.

आपल्यावर कुणाचाच संशय नव्हता, कारण तापमान आपण अगदी खरं सांगत होता. शेजारी ताप बघायचा थर्मामीटर ठेवून पाहिला. आपण 37.5 म्हणालात, त्यानं फॅरनहाइटमध्ये 99.5 म्हणून दुजोरा दिला. वरच्या ओळीत इतका सरळ असलेला गृहस्थ खालच्या ओळीत खोटं बोलेल, असं कुणाच्या मनात येईल? कोर्टातला मुरलेला साक्षीदारसुद्धा नाव, गाव, वय खरंच सांगतो. थाप राखून ठेवतो ती मुद्द्यासाठी.

आणि इथं मुद्दा ओलाव्याचाच होता. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून रोज थोडी वाफ निघून जाते, 18 दिवसांत अंड्याच्या वजनाचा साधारण 12-13 टक्के भाग. तेवढीच पोकळी रुंद टोकाला तयार होते आणि बाहेर यायच्या थोडं आधी पिल्लू त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. वाफ कमी गेली तर पिल्लू फुगलेलं आणि पोकळी अपुरी. जास्त गेली तर कवचाखालचा पडदा सुकून पिल्लाला आवळून बसतो. म्हणून पहिले 18 दिवस ओलावा पन्नाशीच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70. एवढा सगळा कारभार आपल्या एका आकड्याच्या भरवशावर चालला होता.

त्यात एप्रिलातली पूर्णा. नदी गावाला लागून, पुढे ती गोदावरीला मिळते, म्हणजे कागदोपत्री पाण्याला तोटा नाही. दुपारच्या हवेत मात्र वीस-पंचवीस टक्के ओलावा म्हणजे डोक्यावरून पाणी. या हवेत डब्यात वाटीभर पाणी ठेवलं आणि आपण लगेच 50 दाखवलंत. आम्ही कृतकृत्य झालो.

अठराव्या दिवशी घरातल्या छोट्या वजनकाट्यानं आपली चहाडी केलीही होती. बसवताना 45 ग्रॅम भरलेलं अंडं तोवर एकोणचाळीस-चाळीसवर यायला हवं. ते भरलं साडेसदतीस. घरात ठरलं की काटाच बिघडलाय. काटा जुना, आपण नवेकोरे.

मग एका अंड्याला भोक पडलं. डब्याच्या काचेतून चोच हलताना दिसायची. भोकाभोवतीचा पडदा पांढरा आणि ओलसर हवा. तो पिवळट पडून चोचीच्या कडेला ताठ ताणला गेला होता. सकाळची खणखणीत चिवचिव दुपारपर्यंत बारीक झाली. काकू कवच सोलायला बाह्या सरसावून पुढे, त्यांना अडवावं लागलं. पडद्याच्या शिरांत अजून रक्त असेल आणि बलक पोटात पुरता ओढला गेला नसेल, तर सोलणं म्हणजे पिल्लाला रक्तबंबाळ करणं. भोक पाडल्यावर पिल्लू चोवीस तासही घेतं, तो त्याचा हक्क. ते तास उलटल्यावरच कोमट पाण्यात भिजवलेला कापूस, नाकपुड्या सांभाळून, नुसता पडद्यावर फिरवला. बाहेर आलं तेव्हा पिसं अंगाला चिकटलेली आणि एका पंखावर कवचाचा तुकडा. ते आता अंगणात हुंदडतंय. आपली चौकशी त्यानं अजून केलेली नाही.

इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून भट्ट्यांत अंडी उबवतात. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखत. पापणीला सेल लागत नाहीत, आणि पापणी आकडेही फेकत नाही.

परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय 1972 पासून आहे, पण आपली तक्रार घेऊन तिथवर जायची वेळ आली नाही. पुरावा स्वयंपाकघरातच निघाला. बाटलीच्या बुचात मीठ घेतलं, विरघळणार नाही इतपत थेंब थेंब पाण्यानं ओलं केलं आणि ते बूच व आपण, दोघांना झिपच्या पिशवीत रात्रभर कोंडलं. ओल्या मिठावरच्या बंद हवेत ओलावा 75 टक्क्यांवर थांबतो. तिथं कुणाचा वशिला चालत नाही. सकाळी आपल्या काचेवर होते 91.

म्हणजे सोळा टक्के आपल्या पदरचे. 50 म्हणालात तेव्हा डब्यात 34 च्या आसपास असणार. शेवटच्या तीन दिवसांत 65 म्हणालात तेव्हा जेमतेम पन्नास. पाकिटावर चुकीला पाच टक्क्यांची सवलत छापली होती, आपण तिप्पट उचललीत.

सासूबाईंची खुडूक कोंबडी त्याच दिवसांत पलीकडे डालग्याखाली बसली होती. तिचा निकाल सांगत नाही, उगाच आपलं मन दुखावेल.

आपल्याला कामावरून काढत नाही. तापमान बघायला ठेवतोय, आणि कपाळावर मार्करनं ‘वजा 16’ लिहिलंय. हा हिशोब 75 च्या आसपासच खरा, याचीही आम्हाला जाण आहे, म्हणून दुसरा मीटर मागवलाय. तोही डब्यात शिरण्याआधी एक रात्र मिठासोबत काढेल. दोघं शेजारी राहणार आहात, तेव्हा आधीच सांगते: आपसात ठरवून एकच आकडा दाखवायचा नाही. वजनकाट्याला आम्ही बढती दिली आहे आणि तो दर तीन दिवसांनी तपासणीला येईल.

कळावे,
अंड्यांची मालकीण, पूर्णा जंक्शन