तुमच्याकडे कितीला?

लग्नाच्या मांडवात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वेगवेगळ्या गावांचे गाडीवाले भेटले, की तब्येत आणि पाऊसपाणी उरकल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘तुमच्याकडे कितीला?’ काय कितीला, हे सांगावं लागत नाही. हापूसबद्दल विचारलं असतं तर देवगडचा की रत्नागिरीचा, पेटी की डझन, असे पोटप्रश्न निघाले असते. कांद्याबद्दल विचारलं असतं तर लासलगावपर्यंत जाऊन यावं लागलं असतं. पेट्रोलचं तसं नाही. ते चाखून बघता येत नाही, दाबून बघता येत नाही आणि ‘आमच्याकडचं जरा गोड असतं’ असंही म्हणता येत नाही. सरकारी तेलकंपन्या तर एकमेकींच्या डेपोतून माल उचलतात, त्यामुळे पंपावरचा रंग आणि नाव बदललं तरी आतला ऐवज बऱ्याचदा एकाच टाकीतला असतो. तुलना करायला उरतो तो फक्त आकडा. माझं म्हणणं असं, की हा आकडा विचारणारा माणूस पैसे वाचवत नसतो. तो एक छंद जोपासत असतो. छंदाला माझी हरकत नाही. हरकत एवढीच, की या छंदाचा खर्च तो घरच्या हिशेबात ‘काटकसर’ या सदराखाली मांडतो.

हिशेब सोपा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. २०२५ साली मुंबईत पेट्रोल साधारण १०३ रुपये ५० पैसे आणि डिझेल ९० रुपये ३ पैसे होतं. शेजारच्या शहरात किंवा हमरस्त्यावरच्या पंपावर भाव समजा साठ पैशांनी कमी निघाला. टाकीत तीस लिटर मावलं, तर वाचले अठरा रुपये. आता गाडी लिटरला पंधरा किलोमीटर धावते असं धरलं, तर एका किलोमीटरला सहा रुपये नव्वद पैसे पडतात. म्हणजे अठरा रुपयांत गाडी अडीच किलोमीटरांच्या थोडी पुढे जाते, आणि तिला परतही यायचं असतं. तेव्हा स्वस्त पंप नेहमीच्या वाटेपासून सव्वा किलोमीटरहून लांब असेल, तर तिथे जाणं हा दानधर्म आहे. यात सिग्नल धरलेला नाही, रांग धरलेली नाही, आणि ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून घेतलेली मिसळ तर मुळीच धरलेली नाही. मिसळ धरली की हिशेब वहीच्या बाहेर जातो.

आता हे भाव वेगळे का, याकडे वळू, कारण तुलनाबहाद्दरांचा सगळा आत्मविश्वास इथूनच येतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा साबणापासून सिमेंटपर्यंत सगळे त्याच्या मांडवात शिरले. पेट्रोल आणि डिझेल दाराबाहेरच थांबले. २०२१ च्या सप्टेंबरात लखनौला जीएसटी परिषदेपुढे हा विषय निघाला आणि ‘ही वेळ नव्हे’ म्हणून मिटला. त्यामुळे केंद्राचं उत्पादन शुल्क सगळीकडे सारखं असलं, तरी त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्राने तर राज्याच्या आतही दोन पंक्ती मांडल्या होत्या : मुंबई, ठाणे, नवी मुंबईला पेट्रोलवर २६ टक्के आणि बाकीच्यांना २५. डिझेलला तिथे २४ आणि इतरत्र २१. २०२४ च्या अर्थसंकल्पात हा पंक्तिप्रपंच मिटवला गेला. शिवाय पेट्रोलवर लिटरमागे पाच रुपये बारा पैसे अधिभार वेगळा. या अधिभारात दुष्काळाच्या नावाने २०१५ साली लावलेले दोन रुपये मिसळले. पुढे पाऊस पडला, धरणं भरली, पण अधिभार काही आटला नाही. २०२२ च्या जुलैत तो पाच रुपयांनी कमी होऊन पाच रुपये बारा पैशांवर आला, तेव्हाही ते बारा पैसे शाबूत राहिले. मोठ्या झाडाची फांदी छाटली तरी त्यावरचं घरटं जसंच्या तसं राहावं, तसे ते बारा पैसे.

करानंतर येतं वाहतुकीचं भाडं, आणि भाडं म्हटलं की परभणी. मुंबईचं इंधन पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं. तिथून टँकरने निघतं, आणि परभणीपर्यंतचं तीनशे किलोमीटरांच्या आसपासचं अंतर लिटरालिटरावर चढत जातं. त्यामुळे राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याच्या मनात पेट्रोल खचितच नसणार, पण ती लागू पडली ती अशी. इथेच माझ्या मुद्द्याचा मोठा पुरावा आहे. तुलना जर खरोखर पैशासाठी असती, तर महाग भावाच्या माणसाने ती टाळली असती, निदान आवाज तरी खाली आणला असता. प्रत्यक्षात परभणीकर आपला आकडा ज्या ठसक्यात सांगतो, त्या ठसक्यात गुजरातचा माणूस आपला स्वस्त आकडाही सांगत नाही. स्वस्तवाला जिंकतो तो हुशारीत. महागवाला जिंकतो तो सोसण्यात. हरतो कोण? तर ज्याच्या गावचा भाव मधलाच असतो तो. त्याला सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून तो डिझेलकडे वळतो.

‘हे शहरातल्या माणसाचं झालं, सीमेवरच्यांचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. नवापूर रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिथल्या माणसाला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेलं की पेट्रोलचं राज्य बदलतं, आणि २०२५ मध्ये हा बदल लिटरला आठ-नऊ रुपयांचा होता. तीस लिटरला नऊ रुपये म्हणजे दोनशे सत्तर. वर केलेला हिशेब पुन्हा लावला, तर जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटरांच्या आत काम होत असेल तर यात खरीच कमाई आहे. तलासरीच्या माणसाने हद्दीपलीकडच्या भिलाडला जाऊन टाकी भरावी. त्याला कोणी हसणार नाही. विरारच्या माणसाने याच कामासाठी भिलाड गाठलं, तर मात्र त्याने ती सहल होती असं कबूल करावं. गोव्याचं उदाहरण याहून झणझणीत आहे. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर, म्हणजे ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरलं. बांद्याच्या माणसाला पत्रादेवीचा नाका हाकेच्या अंतरावर. त्याला आकडेमोडीची गरजच नव्हती. पण त्याच काळात कोल्हापूर-सांगलीकडून गोव्याला जाणारेही ‘पेट्रोल स्वस्त आहे ना तिकडे’ असं घरी सांगून निघत असतील, तर गोव्यात आणखी काय स्वस्त असतं हा विषय मी इथे काढत नाही.

दुसरा आक्षेप ट्रकवाल्यांचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. या लेखातला शहाणा माणूस तोच. त्याच्या टाकीत तीनशे-चारशे लिटर डिझेल मावतं, त्यामुळे एका रुपयाच्या फरकालाही त्याच्याकडे वजन आहे. मुख्य म्हणजे तो स्वस्त पंपाकडे जात नाही, स्वस्त पंप त्याच्या वाटेवरच असतो. कुठल्या राज्यात टाकी फुल करायची आणि कुठल्या राज्यातून नुसतं पार व्हायचं, हे त्याला नकाशासारखं पाठ असतं. भाव बदलला की त्याचा नकाशाही बदलतो : मुंबईतलं डिझेल २०२४ मध्ये उतरल्यावर गुजरातच्या आणि इथल्या डिझेलमधलं अंतर जवळपास मिटलं, तेव्हा हद्दीवरच्या अच्छाडच्या पुढचा थांबा त्याच्या लेखी निव्वळ चहाचा उरला. कारवाल्याला हे अजून कळलेलं नाही. तो डिझेलची गाडी घेऊनही गुजरातच्या हद्दीपर्यंत काटा लालात ठेवून जातो, कारण ‘तिकडे स्वस्त असतं’ हे त्याने एकदा ऐकलेलं असतं. ट्रकवाला भाव विचारतो. कारवाला भावाची आख्यायिका जपतो.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर त्याचंही उरकून घेऊ. सरकारने पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत डिझेल म्हणजे सरकारी जावई होतं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ च्या आत होतं. बत्तीस रुपयांचा हा फरक पाहून जो तो डिझेलची गाडी नोंदवायला धावला. त्यात रोज मुंबई-नाशिक करणारे होते, तसेच रविवारी गाडी धुऊन पुन्हा झाकून ठेवणारेही होते. २०२५ च्या मुंबईतल्या भावाने बघा : पेट्रोलची गाडी किलोमीटरला सहा रुपये नव्वद पैसे खाते, आणि लिटरला वीस किलोमीटर देणारी डिझेलची गाडी साडेचार. किलोमीटरमागे वाचले दोन रुपये चाळीस पैसे. डिझेलच्या गाडीला दीड लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला साडेबासष्ट हजार किलोमीटर लागतात. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे साडेबारा वर्षांनी सुटतात. आणि जून २०२० मध्ये तर कमाल झाली. दिल्लीत डिझेल पेट्रोलच्याही वर गेलं. त्या आठवड्यात डिझेलवाल्यांनी ‘तुमच्याकडे कितीला?’ हा प्रश्न कोणाला विचारला असेल असं वाटत नाही.

जे भाव शोधत फिरत नाहीत, त्यांच्याकडे दुसरी शास्त्रं असतात. एक शास्त्र पहाटेचं : गारव्यात पेट्रोल दाट असतं, म्हणून साडेपाचला पंपावर हजर व्हायचं. तत्त्व बरोबर आहे. पेट्रोल तापलं की एका अंशाला हजारात जेमतेम एक भाग फुगतं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि दिवसरात्रीत तिचं तापमान फारसं हलत नाही. अगदी एक अंशाचा फरक पडला असं उदारपणे धरलं, तरी तीस लिटरमागे लाभ तीस मिलिलिटर, म्हणजे तीन रुपये. मोडलेल्या झोपेचा भाव मी यात धरलेला नाही. दुसरं शास्त्र एकशे दहाचं : मशीन शंभर आणि पाचशेला ‘सेट’ केलेली असते, म्हणून एकशे दहाचं किंवा पाचशे वीसचं टाकायचं. पण सगळं गावच एकशे दहा म्हणू लागल्यावर, सेट करणाऱ्याने एकशे दहालाच का करू नये, हा प्रश्न त्या शास्त्रात येत नाही.

छंदच म्हणायचा तर त्याचा सुवर्णकाळ होता तो १६ जून २०१७ नंतरचा. त्या दिवसापासून देशभर रोज सकाळी सहाला नवा भाव लागू लागला. रोज नवा आकडा, कधी सात पैसे वर, कधी चार खाली. तुलनाकाराला दिवाळीच. पण भावालाही लोकलज्जा असते. मे २०१८ मध्ये कर्नाटकात मतदान होईपर्यंत एकोणीस दिवस तो जागचा हलला नाही. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका आटोपेपर्यंत, तो एकशे सदतीस दिवस मौनात होता. निर्णय कंपन्यांचा, असं सांगितलं जातं, आणि कंपन्यांनाही पंचांग बघायची मुभा असणारच. पुढे पुढे तर तो गोठलाच : मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरला आणि मग पुन्हा बसून राहिला. एप्रिल २०२५ मध्ये उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढलं, तरी पंपावरचा आकडा जागचा हलला नाही. त्या काळात दर रोज जाहीर व्हायचा, आणि रोज कालचाच असायचा. तरीही प्रश्न थांबला नाही. भाव वर्षभर तोच असताना माणसं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिली, यावरून तरी तो पैशासाठी विचारला जात नाही हे माझं म्हणणं पटावं.

आता राहिली शेवटची हरकत : ‘मग काय, थेंबाथेंबाची काळजी करूच नये?’ करावी की! शंभर रुपयांत दोन रुपयांचा फरक म्हणजे दोन टक्के. लाल सिग्नलला इंजिन बंद ठेवलं, क्लचवर पाय विसावला नाही, द्रुतगती मार्गावर ऐंशीवर समाधान मानलं आणि चाकात पुरेशी हवा ठेवली, तर यापेक्षा जास्त वाचतं, आणि तेही दर लिटरला, दर टाकीला, कुठलीही हद्द न ओलांडता. पण यावर गप्पा होत नाहीत. ‘तुमची किती देते?’ हा प्रश्न विचारला जातो खरा, पण त्याला उत्तर पगाराच्या आणि वयाच्या प्रश्नांइतकंच खरं मिळतं. अठरा म्हणणाऱ्याची चौदा देते, हे विचारणाराही जाणून असतो, कारण त्याचीही चौदाच देते. भावाचा आकडा सरकार देतं, म्हणून तो बेधडक सांगता येतो. मायलेजचा आकडा आपल्या उजव्या पायाचा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी स्वस्त पंप गाठलाच, तर तिथे दोन मिनिटं जास्त थांबा आणि चारही चाकांतली हवा बघून घ्या. पंपावरची तेवढी एकच गोष्ट परभणीपासून पत्रादेवीपर्यंत एकाच भावाने मिळते, आणि ती फुकट आहे.