रिक्त पदास अनावृत पत्र

प्रति,
मा. रिक्त पद (सर्व संवर्ग)
मुक्काम : काचेचा सूचनाफलक, कुलूपबंद

विषय : आपला ठावठिकाणा गावाला कळविण्याबाबत.

महोदय,

आपण आहात, असं ऐकून आहोत. अधिवेशनात आपला आकडा निघतो, 'लवकरच' असं उत्तर मिळतं आणि आपण पुन्हा आकृतिबंधाच्या फायलीत जाऊन पडता. आमच्या तालुक्याच्या गावाची छोटीशी वेबसाइट मी चालवतो. बाजारभाव, एसटीच्या वेळा, नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, सगळं तिच्यावर असतं. फक्त आपण नसता. म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या लपण्याच्या कसबाला दाद द्यायलाच हवी, कारण आपल्याला उजेडात आणणारा कायदा १९५९ मध्येच झाला. तो लागू झाला १ मे १९६० ला, म्हणजे महाराष्ट्राच्याच वाढदिवशी. सरकारी आस्थापनांनी आणि २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी मालकांनी जागा भरण्याआधी ती एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवायची, असा त्याचा नियम होता. नाही कळवली तर दंड होता : पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,००० पर्यंत. एवढ्या जबर शिक्षेला मालक कसे घाबरून असतील, विचार करा! पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक्स्चेंजचं 'करिअर सेंटर' झालं. पाटी बदलली की निम्मं काम उरकतं, हे आपल्याला मी काय सांगणार?

बरं, माहितीच नाही म्हणावं तर तसंही नाही. दर तिमाहीला ईआर-१ नावाचा तक्ता भरायचा, त्यात किती माणसं कामावर आणि किती जागा निघाल्या ते लिहायचं, अशी रीत वर्षानुवर्षं चालत आली. तक्ता वर जातो. खाली काही येत नाही. आमच्या शेजारच्या एमआयडीसीत फिटरचा आयटीआय झालेला पोरगा गेटवर जातो, वॉचमन 'व्हेकन्सी नाही' म्हणून हात हलवतो, आणि त्याच कारखान्यातली जागा त्याला संध्याकाळी चहाच्या टपरीवर ठेकेदाराच्या माणसाकडून कळते. पहिल्या पगारातला हिस्सा अर्थातच वेगळा.

आता अंगणवाडी मदतनीस या आपल्या धाकट्या बहिणीचं बघा. या पदाला उमेदवार त्याच गावची रहिवासी लागते. म्हणजे ही जाहिरात साऱ्या जगात एकाच गावाच्या कामाची. ती लागली कुठे? तालुक्याला, एका कार्यालयाच्या जिन्याखालच्या फलकावर. काचेला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, मामा रजेवर. वरून दुसऱ्याच कसल्या तरी लिलावाची नोटीस टाचलेली, त्यामुळे 'अर्ज करण्याची अंतिम' एवढंच दिसायचं, तारीख लिलावाखाली. ज्या वाडीत जागा होती तिथल्या बारावी झालेल्या सुना त्या जिन्याखाली कशाला जातील?

'पोर्टल आहेत की,' असं आपले साहेब म्हणतील. आहेत. केंद्राचं एनसीएस २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयं आहे. पण तिथे जातो तो आधीच नोकरी शोधायला निघालेला. ती सून कुठलंही पोर्टल उघडत नाही. ती पाणी कधी येणार ते बघायला आमची वेबसाइट उघडते, आणि तिथे चार ओळी खाली तिच्याच वाडीचं नाव दिसलं असतं तर तिने अर्ज केला असता. आपल्याला गावात यायचं असेल तर या रस्त्यानं या.

आपण येता ते मात्र पीडीएफच्या बुरख्यात. पानं तिरकी स्कॅन केलेली, गोल शिक्का नेमका पात्रतेच्या रकान्यावर. क्वचित स्कॅन नसलं तर फाँट इतका जुना की कॉपी करून चिकटवलं की आपलं नाव ओळखू येत नाही. मी रात्री बसून हातानं टाइप करतो. तोवर शुद्धिपत्रक आलेलं असतं. त्याच वेळी व्हॉट्सॲपवर गेल्या कधीतरीची, केव्हाच भरलेली जाहिरात 'ताजी भरती!!' म्हणून फिरत असते, आणि खाली 'नोंदणी फी' पाठवायला कुणाचा तरी नंबर.

मागणी फार नाही. एक साधा तक्ता हवा, यंत्राला वाचता येईल असा : पद, गाव, किती जागा, पात्रता, अंतिम तारीख, मूळ जाहिरातीचा दुवा. तो कुठल्याही गावाच्या वेबसाइटला आपोआप उचलता यावा. आणि जागा भरली की ओळ पुसा. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं; मेलेल्या जाहिराती पुसल्या जात नाहीत, यावरच तर त्या नोंदणी फीवाल्यांचं पोट चालतं. नोकरीच्या जाहिरातीचा साचा स्कीमा डॉट ऑर्गवर केव्हापासून तयार आहे, त्यात मुदत संपण्याची तारीखसुद्धा आहे. आणि माहिती स्थानिक भाषेत, त्या भागात पोचेल अशा रीतीनं द्यावी, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये २००५ पासून लिहिलेलं आहे. कायदा वाचणाऱ्याचं पदही रिक्त असेल तर तेही कळवावं. आम्ही छापू.

आपला,
तालुक्यातील एक टंकलेखक (विनावेतन)

ता. क. : उत्तर स्कॅन करून पाठवू नये.