पुनरारोहणविचार, अर्थात हादरलेल्या सायकलस्वाराची चिकित्सा

कर्वे रोडवर मागून आलेली बस कोपराला वारा घालून निघून जाते. स्वार पडत नाही, खरचटत नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवसापासून सायकल जिन्याखाली जाते. हाड मोडलेल्याला भेटायला लोक मोसंबी घेऊन येतात. नुसत्या हादरलेल्याच्या वाट्याला ‘पण लागलं कुठे?’ एवढा प्रश्न येतो. हा अन्याय शास्त्राने दूर करणे अगत्याचे आहे.

प्रथम लक्षणे. रोगी सायकल विकत नाही. उलट पूर्वी कधी नव्हे इतकी तिची निगा राखतो: चेनला तेल, ब्रेकला नवे रबर, मडगार्डाचा खुळखुळणारा नट. रोज सकाळी टायर अंगठ्याने दाबतो, ‘हवा जरा कमी वाटतेय’ असे जिन्याला उद्देशून म्हणतो आणि रिक्षाने जातो. हवा भरून आणली, तर ती जास्त वाटते.

उपचारांबाबत दोन पंथ आहेत. पैकी कडेपंथात घरातली झाडून सगळी वडीलधारी मंडळी मोडतात. ‘अगदी कडेने जा, आणि हळू जा’ हे त्यांचे आद्यसूत्र. त्यामागचे प्रेम निर्विवाद. पदार्थविज्ञान मात्र संशयास्पद. 2007 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या गणितानुसार एक ठरावीक मापाची सायकल ताशी साधारण 15 ते 22 किलोमीटर वेगात, हात न लावताही स्वतःला सावरते. वेग त्याखाली उतरला की सावरण्याचे काम स्वारावर येते. म्हणजे भ्यायलेला माणूस हळू जातो, हळू गेल्याने सायकल लडबडते, आणि लडबडल्याने तो आणखी भितो. त्यात कोपरे ताठ. हँडलला जी बारीक हालचाल हवी असते, तीच नेमकी आवळून धरलेली.

कडेची गोष्ट तर विचारूच नये. चेंबरची झाकणे, सांडलेली खडी, उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार, हा सगळा ऐवज कडेलाच. शिवाय स्वार कडेला चिकटला की मागच्या चालकाला ‘बसतंय, काढू’ असे वाटते. दीड हात आत राहिले, तर त्याला ओलांडण्याचा विचार तरी करावा लागतो. मध्यपंथाचा सारा सिद्धांत एवढाच. हॉर्न वाजतो, हे खरे. पण हॉर्न वाजला म्हणजे आपण दिसलो, असे भाष्यकार मानतात.

दृष्टीचे प्रकरण नाजूक आहे. जिथे नजर तिथे चाक. मार्क ट्वेनने उंच चाकाची सायकल शिकताना हे अनुभवले होते: जो दगड चुकवायला जावे, तोच हमखास चाकाखाली. त्याचा तो लेख मरणोत्तर, 1917 साली पुस्तकात आला. त्याच वर्षी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली. या दोन घटनांचा संबंध अद्याप कोणी तपासलेला नाही.

प्रत्यक्ष साधनेस रविवारी पहाटे प्रभात रोडच्या गल्ल्यांत बसावे. गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे प्रगती मोजता येते. तिथे एकच विद्या घोटायची: सरळ जाताना उजव्या खांद्यावरून मागे पाहणे. सोपे वाटते, करून पाहावे. मान वळली की हात मानेमागून निघतो आणि सायकल नेमकी त्या बसच्या दिशेने जाते जिला पाहायचे होते. उपाय असा, की मागे वळताना उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवावा आणि डाव्या हाताला सैल सोडावे. मागे उभ्या गाडीचा नंबर वाचून पुन्हा पुढे पाहावे. नंबर बरोबर आला आणि सायकल रेषेवर राहिली, की भांडारकर रस्ता. तो पचला, की कर्वे रोड. तोही सकाळी सातचा. संध्याकाळी सातचा कर्वे रोड धडधाकट माणसालाही सोसत नाही.

बरे झाल्याची खूण कोणती, यावर मतभेद आहेत. काहींच्या मते, स्वार टायर दाबायचे थांबवतो तीच. जुन्या पेठांतले जाणकार अधिक काटेकोर आहेत: सिग्नलला शेजारच्या मोटारीची काच टकटक करून ‘इंडिकेटर कंपनीने दिलाय की नाही?’ असे रोगी विचारू लागला, की औषध बंद करावे. पुढे तोच एकेरी रस्त्यावरून उलटा, एका हाताने फोन कानाला लावून येताना दिसला, तर मात्रा जास्त झाली असे समजून त्याला आठवडाभर पुन्हा रिक्षा सुरू करावी.