थंडीत वीजबिल आटोक्यात ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका पुणे व परिसरातल्या कुटुंबप्रमुखांसाठी आहे. परिसर म्हणजे निफाडपासून कोल्हापूरपर्यंतचा भाग समजावा. मुंबईकरांनी वाचायला हरकत नाही, पण पारा विसाच्या खाली उतरला की मफलर गुंडाळून लोकल पकडणाऱ्यांच्या कामाचं यात फारसं काही नाही. कुटुंबप्रमुख म्हणजे ज्याच्या नावावर वीजमीटर आहे तो. घरात ज्याचं चालतं ती व्यक्ती वेगळी असू शकते आणि या विषयातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

सर्वप्रथम थंडी पडली आहे की नाही, हे ठरवून घ्यावं. पुण्याचं अधिकृत तापमान शिवाजीनगरच्या वेधशाळेत मोजतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, म्हणून त्या इमारतीला अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. थंडीचा हिशेब ठेवायला याहून शोभेल असं नाव मिळणं कठीण. याच शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. हा आकडा कुटुंबप्रमुखाने पाठ करून ठेवावा. मुलगा “बाबा, खूप गारठा आहे, गिझर अजून पाच मिनिटं ठेवू का?” असं म्हणाला की चष्मा न काढता, पेपरातून मान वर न करता तो ऐकवावा. त्याने गारठा कमी होत नाही, पण प्रश्न कमी होतात. पाषाणकरांनी शिवाजीनगरच्या आकड्यातून एखाद-दोन अंश वजा करावेत, मगरपट्टा आणि कोरेगाव पार्ककरांनी तीन-चार मिळवावेत. पाषाण आणि मगरपट्टा अशी सोयरीक असेल, तर जानेवारीत व्याह्यांनी एकमेकांशी हवेबद्दल बोलू नये.

आता खर्चाकडे वळू. थंड देशांत लोक अख्खं घर तापवतात. आपल्याकडच्या घरांना ती सोय नाही आणि ते बरंच आहे. सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, मुख्य दाराखाली बोटभर फट, स्वयंपाकघरात एक्झॉस्टसाठी पाडलेलं नि पंखा कधीच न बसवलेलं भोक. अशा घरात दोन हजार वॉटचा रूम हीटर लावला की ऊब जिन्यातून थेट पार्किंगमध्ये उतरते. तासाला दोन युनिटं जातात आणि शेकली जाते ती फक्त समोरच्याची पोटरी. म्हणून आपल्याकडे ‘घर गरम ठेवण्याचा खर्च’ हा विषय न्हाणीघरात सुरू होतो आणि तिथेच संपतो.

तेव्हा बादलीचं गणित समजून घ्यावं. वीस लिटरची बादली धरा. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी अठरा अंश आहे आणि आंघोळीला चाळीस अंशांचं हवं आहे असं समजा. हे बावीस अंश चढवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. यात कंपनी, मॉडेल, दुकानदाराने सांगितलेलं ‘नवीन टेक्नॉलॉजी आहे साहेब’ यातलं काही चालत नाही. पाणी तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन युनिटं, महिन्याला साठ. रूम हीटरचा एक तास आणि अख्ख्या घराची आंघोळ यांचा भाव एकच आहे, हे हीटर आणायला निघालेल्या जावयाला जमल्यास आडून सांगावं.

ही साठ युनिटं बिलात कुठे जाऊन बसतात, हे त्याहून महत्त्वाचं. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंत एक भाव, १०१ ते ३०० दुसरा, आणि हा दुसरा पहिल्याच्या दुपटीच्या आसपास. ज्या घराचं एरवी नव्वदात भागतं ते थंडीत दीडशेवर जातं आणि वाढलेल्या साठांपैकी पन्नास युनिटं महागाच्या भावाने लागतात. शिवाय वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर सोळा टक्के विद्युत शुल्क. अनेक कुटुंबप्रमुखांचा असा समज असतो की, १०१वं युनिट जळलं की मागची शंभरही महाग होतात. तसं नसतं, महाग होतात ती फक्त पुढची. मात्र ही माहिती घरात पसरू देऊ नये. बरीच घरं या गैरसमजावरच शिस्तीत चाललेली आहेत.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर नियम.

नियम पहिला: आंघोळी सलग उरकाव्यात. यामागचं शास्त्र ज्यांच्या आजोळी तांब्याचा बंब होता त्यांना सांगावं लागत नाही. बंबाच्या पोटात जाळीवर करवंट्या, नारळाच्या शेंड्या, सुताराकडून आणलेल्या ढलप्या. मधोमध धूर जायला नळकांडं. वर एका बाजूला नरसाळं, दुसऱ्या बाजूला तोटी. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी घंगाळात पडायचं. ओतलं नाही तर थेंबही मिळायचा नाही. सकाळच्या घाईत मागच्याने किती ओतलं आणि पुढच्याने किती घेतलं, हे सगळ्या वाड्याला दिसायचं, आणि खाली उरलेली राख भांडी घासायला जायची. गिझरमध्येही हेच चालतं. गार पाणी टाकीत तळाशी शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. फरक इतकाच की इथे गार पाणी आपलं आपण येतं, त्यामुळे आपण कोणाच्या वाटचं ढकलून बाहेर काढतो आहोत हे आत असलेल्याला कळत नाही आणि दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्याला लगेच कळतं.

क्रम असा ठेवावा: आजोबा पहिले, कारण ते तसेही पाचला उठलेले असतात आणि दोन तांब्यांत आटोपतात. मग ज्यांना बस किंवा लोकल गाठायची आहे ते. मोबाइल घेऊन न्हाणीघरात जाणारा सदस्य सर्वांत शेवटी. शॉवर असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष असावं. साधा शॉवर मिनिटाला आठेक लिटर पाणी सोडतो, म्हणजे दहा मिनिटांच्या गाण्यात चार बादल्या. गाणं बदलता येत नसेल तर शॉवरच्या चकतीवरचे क्षार साफ करू नयेत. धार आपोआप बारीक होते.

नियम दुसरा गिझर चालू राहण्याविषयी. मराठी घरात या गुन्ह्याला क्षमा नाही. “कुणी चालू ठेवला?” ही हाक ऐकून शेजारच्या फ्लॅटमधलेही आपापल्या बटणाकडे बघून येतात. तांत्रिकदृष्ट्या मात्र टाकीवाला गिझर पाणी तापलं की स्वतःच थांबतो. मग जाते ती फक्त टाकीतून झिरपणारी उष्णता, आणि गिझरवरचे स्टार मुख्यतः हेच झिरपणं मोजतात. पंधरा लिटरचा चांगल्या स्टारचा गिझर दिवसभर विसरला तरी नुकसान साधारण एका आंघोळीइतकं. आठवडाभर चाललेलं भाषण या रकमेच्या प्रमाणात आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. खरी बचत गिझरच्या खालच्या झाकणाआड आहे. थर्मोस्टॅट पंचाहत्तरावर ठेवून मग त्यात गार पाणी मिसळत बसण्याऐवजी तो पन्नास-पंचावन्नावर आणावा. पण मेन स्विच बंद करून, आणि शक्यतो इलेक्ट्रिशियनच्या हातून. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो, तो दोन-तीन वर्षांनी काढून घ्यावा. नाहीतर कॉइल एक दिवस जाते. ती बहुधा नरक चतुर्दशीच्या पहाटे जाते, उटणं लावून झाल्यावर.

नियम तिसरा आईंनी वाचून रद्द केला आहे. तो केस धुण्याच्या दिवसांबद्दल होता.

सोलर असलेल्या सोसायट्यांना वरचं काही लागू नाही असं त्यांना वाटतं. ते तितकंसं खरं नाही. गच्चीवरून सातव्या मजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर गार झालेलं पाणी आधी सोडावं लागतं, ते वाया न घालवता बादलीत धरून कुंड्यांना घालावं. पहाटे पाचला उठणाऱ्याला कढत मिळतं, नऊला उठणाऱ्याला आदल्या दिवशीच्या ढगांचा हिशेब मिळतो.

गॅस गिझरबद्दल मात्र थट्टा नाही. बंद न्हाणीघरात जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. त्याला वास नसतो आणि त्याने माणसं गेलेली आहेत. तो गिझर बाहेर, उघड्या हवेच्या जागीच बसवावा. तसं जमत नसेल तर विजेचं बिल भरावं.

नियम चौथा: जे तापवायचं ते माणसाला, भिंतीला नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीही तो अठ्ठेचाळीस अंशांच्याच उंचीवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं आतपर्यंत येतं. मे महिन्यात तीच खिडकी कोरडी राहते. तेव्हा दहा ते चार पडदे उघडे, दिवेलागणीला बंद, दाराखालच्या फटीला जुन्या नऊवारीची वळकटी. गाद्या दुपारी गच्चीवर टाकाव्यात. अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली तर तेवढं पाणी तापवायला युनिटाचा दहावा हिस्साही लागत नाही. वर आजीची गोधडी. आजीच्या गोधडीत तीन पिढ्यांची लुगडी एकावर एक असतात. त्यांच्यामध्ये अडकलेली हवा फुकट राखण करते. परदेशी रजई हेच काम करते, फक्त ती हप्त्यांवर घ्यावी लागते.

याच नियमाच्या पोटात जेवण येतं. आपल्या लोकांनी धुंधुरमासात सूर्य उगवताना मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा खायची पद्धत पाडली, ती धार्मिक असेल तर असो, हिशेबाला ती चोख आहे. पहाटे चूल पेटते, स्वयंपाकघर तापतं, घरचे सगळे आपणहून तिथे गोळा होतात आणि बाकीच्या खोल्यांतले दिवे बंद राहतात. मात्र डिंकाच्या लाडवांपासून कुटुंबप्रमुखाने सावध राहावं. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी आणि साजूक तूप यांची पावती पाहिली की गिझरमधून वाचवलेले पैसे कुठे गेले, हा प्रश्न पडत नाही. ती पावती मागू नये. लाडू खावेत.

एवढं सगळं करून बिल किती कमी होतं, ते घरातल्या माणसांवर अवलंबून आहे आणि त्यांच्याबद्दल कोणतीही मार्गदर्शिका हमी देऊ शकत नाही. एक बचत मात्र नक्की आहे: बिलावर छापलेल्या लवकरच्या तारखेच्या आत पैसे भरले तर सुमारे एक टक्का सवलत मिळते. घरात कुणालाही न विचारता, कुणाशीही न भांडता मिळणारी तेवढी एकच.