घाईचं माप

बॉबी जोन्सनं १९३० साली एकाच वर्षात तेव्हाच्या गोल्फमधल्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी स्पर्धांना रामराम ठोकला. अमेरिकेत काठ्यांना पोलादी दांडे लावायची परवानगी मिळून तोवर सहा वर्षं झाली होती, पण जोन्सच्या काठ्यांचे दांडे तोवर हिकरी लाकडाचेच होते. त्या काठ्यांबद्दलची एक गोष्ट गोल्फवाले हमखास सांगतात. तो संच काही एकगठ्ठा विकत आणलेला नव्हता. एकेक काठी हातात घ्यायची, हलवून बघायची, पटली तर ठेवायची, असं करत त्यानं तो जमवला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्या काठ्या यंत्रावर तपासल्या, तर सगळ्यांचे दांडे एकमेकांशी जुळणारे निघाले. एकच काय ती फटकून होती: मॅशी-निब्लिक नावाची आयर्न. आणि जोन्सची कुरकुर म्हणे नेमकी तिच्याबद्दलच असायची!

गोष्टीला थोडा मीठमसाला लागलेला असणार. तरी मला ती आवडते, कारण त्या काळात काठी जुळवायची पद्धत खरंच अशी होती. एकाच झाडाचे दोन दांडेसुद्धा सारखे निघत नसत. कारागीर तासून, खरवडून, घासून दांडा बारीक करी. गिऱ्हाईक तो हलवून बघे आणि ‘अजून थोडा नरम कर’ म्हणून परत देई. शिवाय हिकरी नुसती वाकत नाही, पिळवटतेही. जोरात हिसडा दिला की काठीचं तोंड भलतीकडे वळतं आणि चेंडू झुडपात. त्यामुळे घाई करणाऱ्याला लाकूडच सरळ करत असे. जोन्सचा स्विंग जुन्या चित्रफितींत पाहिला तर हा माणूस स्पर्धा खेळतोय की दुपारी जेवून शतपावली करतोय, असं वाटतं.

१९२९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनंही पोलादाला मान्यता दिली. १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आलं. कारखान्यातून सारखे दांडे निघू लागले आणि माणसाच्या मनगटाऐवजी दांड्यावरची अक्षरं बोलू लागली. एल म्हणजे बायकांचा, ए म्हणजे ज्येष्ठांचा, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे त्याहूनही कडक. ढोबळ हिशेब असा, की ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीचा, वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर आर घ्यावा, ९५ ते १०५ असेल तर एस, त्यापुढे एक्स. ऐकायला छान वाटतं. अडचण एवढीच, की या अक्षरांचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं माप नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक निघू शकतो, आणि तसं करण्यात कुणी कसला नियम मोडत नाही.

पण पुरुषांच्या मनात ही अक्षरं म्हणजे हुद्देच झालेत. आमचे दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पुण्यात गोल्फ खेळू लागले. ताईही त्यांच्याबरोबर जाऊ लागली, सुरुवातीला पाय मोकळे करायला आणि मग खेळायलाच. ताईच्या काठीवर ए आहे, हे तिला बहुधा आजही ठाऊक नसावं. दाजींच्या काठीवर आर होता आणि ते त्यांना रात्रंदिवस ठाऊक होतं. चाळीस वर्षं नोकरी करून अधीक्षक अभियंता झालेल्या माणसानं ‘रेग्युलर’ म्हणवून घ्यायचं म्हणजे काय? ‘आमच्या चौघांतले दोघं एस वापरतात,’ असं ते सांगत, तेव्हा आवाज पदोन्नतीत डावललेल्या माणसाचा असे. त्या दोघांचे चेंडू कुठे जातात, याची चौकशी मी केली नाही.

आता थोडा आकड्यांचा खुलासा. ट्रॅकमॅन नावाच्या रडारयंत्राच्या नोंदींनुसार पीजीए टूरवरच्या व्यावसायिक पुरुषांचा ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या पुढे आहे. एलपीजीएच्या बायकांचा ९४ च्या आसपास. आणि सर्वसाधारण हौशी पुरुषाचा? साधारण ९३. म्हणजे क्लबातला जो गृहस्थ ‘बायकांचा दांडा’ म्हणून नाक मुरडतो, त्याच्यापेक्षा किंचित जास्तच वेगानं त्या व्यावसायिक बायका काठी फिरवतात, आणि चेंडूही सरळ मारतात. हे मी दाजींना सांगितलं नाही. ताईला सांगितलं. तिनं सांगितलं असावं.

दांडा नेमकं करतो काय, तेही बघण्यासारखं आहे. बहुतेकांची समजूत अशी, की चेंडूला लागताना तो मागे वाकलेला असतो आणि तिथून सपकन सरळ होत चेंडूला ढकलतो. होतं उलटंच. हात खाली यायला लागतात तेव्हा काठीचं डोकं मागे रेंगाळतं आणि दांडा मागे वाकतो. पण चेंडूपाशी पोचेपर्यंत तो सरळ होऊन उलट थोडा पुढेच झुकलेला असतो. चेंडू आणि काठीची भेट सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी. तेवढ्यात कुठला दांडा काय ढकलणार? नरम-कडक बदलून अंतरात फार मोठी वाढ होत नाही. फरक पडतो तो काठीचं तोंड किती वर बघतंय आणि किती वळलंय यात. नरम दांड्याचा चेंडू सहसा थोडा उंच आणि उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या डावीकडे जातो, कडक दांड्याचा खालून आणि उजवीकडे. ‘सहसा’ म्हणायचं कारण असं, की माणसाचं शरीर फार लबाड आहे. चार फटक्यांत ते हातातल्या काठीशी जुळवून घेतं. चेंबूरच्या गोल्फ कोर्सशेजारच्या वस्तीतली पोरं, त्यांत कॅडीचं काम करणारेही, बांधकामाची सळई वाकवून तिच्यानं प्लास्टिकचा चेंडू गल्लीबोळांतून मारतात. सळईवर कुठलंच अक्षर नसतं.

वेगापेक्षा अवघड प्रकरण टेम्पोचं. खांद्यावरून पाण्याची कावड नेणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे चटकन कळेल. चालताना बांबू खालीवर लवतो, आणि वाहणारा त्या लवण्याच्या ठेक्यातच पाऊल टाकतो, म्हणून पाणी हिंदकळत नाही. नवशिक्याची शक्ती तेवढीच, ओझंही तेवढंच. पण बांबू खाली जात असताना हा वर उचलायला बघतो आणि अर्धी घागर रस्त्याला पाजतो. गोल्फमध्येही दोघांचा वेग सारखा असूनही दांडा सारखा वाकत नाही. एकजण वर नेलेली काठी सावकाश वळवून वेग वाढवत आणतो, दुसरा वर पोचायच्या आतच खाली खेचतो. दुसऱ्याच्या हातात तोच दांडा कितीतरी जास्त वाकतो.

जॉन नोव्होसेल नावाच्या अमेरिकनानं नामांकित खेळाडूंच्या चित्रफितींच्या चौकटी मोजल्या. काठी वर न्यायला २७ चौकटी, खाली चेंडूपर्यंत यायला ९. कुणाच्या २४ आणि ८, कुणाच्या २१ आणि ७. खेळाडू संथ असो की चपळ, प्रमाण तीनास एक! अर्नी एल्सचा स्विंग इतका निवांत दिसतो की त्याला ‘बिग ईझी’ म्हणतात, आणि निक प्राइस बघता बघता फटका मारून मोकळा होई. दोघांनीही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. म्हणजे भरभर मारणं हा काही गुन्हा नाही. गुन्हा आहे तो वरचा हिशेब पुरा व्हायच्या आत खालचा सुरू करण्याचा.

आणि दाजींचं सगळं आयुष्य त्या गुन्ह्यात गेलंय. चहा गाळून होण्याआधी ते कप ओढतात, त्यामुळे शेवटची धार नेहमी ओट्यावर. समोरचा ‘हॅलो’ म्हणायच्या आत फोनवर पत्ता सांगू लागतात. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी कधी वापरल्याच नाहीत.

शेवटी दाजी फिटिंगला, म्हणजे आपल्या मापाची काठी निवडून घ्यायला, गेले. ताई आणि मी बरोबर. फिटिंग करणारा मुलगा विशीतला, अतिशय शांत. त्यानं दाजींकडून चेंडू मारून घेतले, पडद्याकडे पाहिलं. वेग ८८. दाजींचा चेहरा उतरला. पण मुलगा पडद्यापेक्षा दाजींच्या हातांकडेच जास्त बघत होता. त्यानं चार वेगवेगळे दांडे लावून पाहिले, मोबाइलवर चित्रण केलं, ते थांबवून थांबवून पुढे सरकवलं.

‘सर, तुमचा स्पीड आरचाच आहे,’ तो म्हणाला. ‘पण वरून खाली येताना तुम्ही खूप झटका देता. आरमध्ये हेड कुठे येईल ते सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला एस देतो.’

दाजींना शेवटचे तीनच शब्द ऐकू आले. ताईनं पूर्ण वाक्य ऐकलं होतं.

‘म्हणजे ताकदीबद्दल नाही मिळाला,’ ती म्हणाली, ‘घाईबद्दल मिळाला.’

‘मिळाला ना?’ दाजी म्हणाले.

मुलगा प्रामाणिक होता. त्यानं तो दांडा मुठीकडून यंत्रात पक्का आवळला, टोक ओढून सोडलं. दांडा थरथरला आणि मिनिटाला किती कंपनं होतात तो आकडा उमटला, अडीचशेच्या जरा पुढे. मग दुसऱ्या एका कंपनीचा दांडा आवळला. आकडा जवळजवळ तोच. वजनही सारखंच. किंमत मात्र बरीच कमी. ‘सर, हा घेतला तरी चालेल. तुमच्यासाठी दोन्ही एकच,’ तो म्हणाला. दाजींनी दांडा उलटा करून पाहिला. त्यावर आर छापलेला होता.

‘नको,’ दाजी ठामपणे म्हणाले, ‘मध्येच कंपनी बदलली की हाताची सवय मोडते.’

आणि त्यांनी पैसे दिले. ज्या कंपनीची सवय मोडणार होती, तिचा दांडा त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात धरला होता, साधारण पंधरा मिनिटांपूर्वी.