संदर्भासहित काका

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे पहाटे कुणीतरी जवसाचे अकरा फायदे टाकतं. त्याखाली जोडलेले हात, गुलाबाची फुलं आणि अंगठे यांची रांग लागते, आणि त्या रांगेत मध्येच एक शब्द येऊन आदळतो. ‘संदर्भ?’ त्यानंतर ग्रुप अर्धा तास गप्प असतो. जवसवाल्या वहिनी जिन्यात दिसल्या तर मान वळवतात. काकांना त्याचं काही नाही. पुरावा मागण्यात राग कसला, असं त्यांचं प्रामाणिक मत असतं.

हे काका डॉक्टर नसतात. ही जात डॉक्टरांत आढळत नाही, डॉक्टरांना एवढा वेळ नसतो. काका बँकेच्या इन्स्पेक्शनमधून, एलआयसीतून किंवा वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले असतात. सगळी हयात दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात गेलेली. साठाव्या वर्षी व्हाउचरं थांबतात आणि त्याच सुमाराला रक्तात साखर निघते. या दोन घटना एकाच वर्षात घडल्या आणि घरात ब्रॉडबँड असलं, की पबमेडकाका तयार होतो. आमच्या कोथरूडमध्ये दर तीन इमारतींमागे एक तरी असावा. हा आकडा माझा आहे, संदर्भ मागू नये.

पबमेड म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने चालवलेली वैद्यकीय शोधनिबंधांची सूची. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी, सगळ्या जगाला खुल्या, पैसे नाहीत, पासवर्ड नाही. काकांना तिचा इतिहास मुंजीतल्या मंत्रांपेक्षा पक्का पाठ आहे. जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करातल्या डॉक्टरने १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही छापील सूची सुरू केली, १९६४ मध्ये ती कॉम्प्युटरवर चढली, १९७१ मध्ये मेडलाइन आली, आणि २६ जून १९९७ रोजी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी पत्रकारांसमोर स्वतः शोध घेऊन ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली. “उपराष्ट्राध्यक्ष कीबोर्डवर बसला होता,” काका सांगतात, “आणि आपल्याकडे वाचनालयाचं उद्घाटन करणारा पुस्तकाला हातसुद्धा लावत नाही, नुसती फीत कापतो.” प्रत्येक निबंधाला तिथे एक नंबर असतो. पहिला नंबर १९७५ च्या एका निबंधाला मिळालाय, मेथॅनॉलच्या विषबाधेत शरीरातलं फॉर्मेट कसं मोजावं यावरच्या. हे काकांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, तळमजला ते चौथा मजला एवढ्या अवधीत.

शोध कसा घ्यायचा याचं काकांचं स्वतःचं शास्त्र आहे, आणि ते खरोखर चांगलं आहे हे मान्य केलं पाहिजे. सामान्य माणूस गूगलवर ‘गुडघा का दुखतो’ असं टाकतो. काका आधी विषयाचं अधिकृत नाव काढतात. तिथे ‘मेश’ नावाची एक ठरीव शब्दावली आहे, १९६० पासूनची, फांद्या-उपफांद्या असलेली. लेखकाने कॅन्सर म्हणो, ट्यूमर म्हणो, सूचीकार त्याला निओप्लाझम्स याच फांदीवर बसवतो, म्हणजे शोधणाऱ्याच्या हातून काही निसटत नाही. मग अँड, ऑर, नॉट. हे तिन्ही कॅपिटलमध्ये. त्यातला नॉट काका फार जपून वापरतात, कारण ‘नॉट उंदीर’ म्हटलं की उंदीर आणि माणूस दोघांवर झालेला अभ्याससुद्धा बाहेर फेकला जातो. हळदीचं मेशमधलं नाव कुर्कुमा आणि मेथीचं ट्रायगोनेला. मंडईत त्यांनी एकदा “ट्रायगोनेला कशी दिली?” असं विचारलं होतं असं काकू सांगतात. काका ते नाकारतात. या घटनेची दुसरी नोंद उपलब्ध नाही.

खरी मजा डॉक्टरांकडे. डॉक्टर चाळिशीतले, बाहेर बाकावर दहा-बारा पेशंट. काका पिशवीतून फाइल काढतात. फाइलला रंगीत चिकटपट्ट्या.

“डॉक्टर, तुम्ही हे पाहिलंच असेल.”

‘पाहिलंच असेल’ या दोन शब्दांइतकं त्या डॉक्टरांना सीबीआयचंही भय वाटत नसावं. ते गोषवाऱ्याच्या शेवटच्या दोन ओळी वाचतात आणि ठेवणीतलं अस्त्र काढतात. “काका, पूर्ण पेपर वाचलात?” इथे काका गडबडतात. गोषवारा फुकट असतो, पूर्ण निबंधाला प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतो, आणि तेवढ्यात आठवड्याची भाजी येते. म्हणून काका पडद्याच्या डाव्या बाजूला ‘फ्री फुल टेक्स्ट’च्या चौकोनात टिचकी मारतात. परिणामी त्यांचं वैद्यकशास्त्र म्हणजे फुकट मिळालेलं वैद्यकशास्त्र. जे विकत होतं ते त्यांच्या लेखी सिद्ध व्हायचं राहून गेलंय.

एप्रिल उजाडला की या सगळ्या शास्त्राचा रोख बदलतो. एरवी काका गोषवाऱ्यात पहिल्यांदा बघतात ते ‘माणूस की उंदीर’. उंदीर निघाला की तुच्छतेने पुढे जातात. पण देवगडची पेटी घरात आली आणि डॉक्टरांनी आंबा बंद सांगितला, की उंदरांचा दर्जा एकदम वाढतो. आंब्याच्या सालीचा अर्क, पानांचा अर्क, कोयीचा अर्क, मधुमेही उंदीर, स्थूल उंदीर, सगळे फाइलला लागतात. शोधाची शब्दरचनासुद्धा बघण्यासारखी असते. ‘आंबा अँड साखर वाढणे’ असं काका चुकूनही लिहीत नाहीत. ‘आंबा अँड साखर सुधारणे’ असं लिहितात. व्हाउचर तपासणाऱ्या माणसाने एवढी सोयीची बाजू तपासावी याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. पथ्य सांगितलेला माणूस पबमेडकडे उत्तर विचारायला जातच नाही, परवानगी मागायला जातो. आणि साडेतीन कोटी नोंदींत परवानगी मिळत नाही असं सहसा होत नाही.

काकांना ती मिळाली. २०१४ मधला अभ्यास, शिवाय माणसांवरचा. स्थूल माणसांना बारा आठवडे आंबा दिला आणि रक्तातली साखर उतरली. काका आनंदाने काकूंना वाचून दाखवू लागले. काकू आमरसाला फोडी करत होत्या.

“किती माणसं?”

“वीस.”

“आंबा किती?”

काका थोडे रेंगाळले. “दहा ग्रॅम. रोज. गोठवून सुकवलेल्या गराची पावडर.”

काकूंनी सुरी थांबवली नाही. “मग तुम्हाला चमच्याने देते.”

काका तडक डॉक्टरांकडे गेले आणि आंबा बंद करायला रँडमाइज्ड ट्रायलचा आधार आहे का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. डॉक्टर म्हणाले, “काका, पॅराशूटलाही नाहीये.” काकांना वाटलं थट्टा केली. घरी येऊन शोधलं तर निबंध खरंच निघाला. २००३, ब्रिटिश मेडिकल जर्नल. विमानातून उडी मारताना पॅराशूट जीव वाचवतं का, यावर एकही रँडमाइज्ड ट्रायल सापडली नाही, असा गंभीर चेहऱ्याने केलेला विनोद. काका तीन-चार दिवस डॉक्टरांवर रुसले. मग त्यांनी तो निबंध छापून फाइलमध्ये पहिल्या पानावर लावला. डॉक्टरांनी काही वाचलेलं असू शकतं, हा धक्का पचायला तेवढा वेळ लागलाच असता.

खाण्याच्या पदार्थांचं हे असं का होतं, याचा हिशेब दोन संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलाय. एका पाककृतींच्या पुस्तकातून वाटेल तसे पन्नास पदार्थ उचलले आणि सूचीत शोधले. चाळीस पदार्थांवर कॅन्सरच्या धोक्याबद्दलचे अभ्यास निघाले, आणि पुष्कळ पदार्थ एका अभ्यासात तारक तर दुसऱ्यात मारक. मी हा निबंध मुद्दाम काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘आंबा त्या पन्नासात होता का?’

हळदीच्या बाबतीत मात्र काकांचं ऐकून घ्यावं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरते याचं पेटंट मिळालं. आपल्या पाषाणच्या एनसीएलमधून दिल्लीला सीएसआयआरचे प्रमुख म्हणून गेलेले रघुनाथ माशेलकर त्याविरुद्ध उभे राहिले. “आजीने लावली होती, हे तिथे चालत नाही,” काका टेबलावर बोट आपटून सांगतात, “छापील दाखवावं लागतं!” सीएसआयआरने बत्तीस संदर्भ दाखवले, जुन्या ग्रंथांतले, आणि त्यात १९५३ मधला जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशनमधला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. गोरसाहेब कीबोर्डवर बसले तेच वर्ष, हा योग काका दोनदा सांगतात. १९५३ साली कुणीतरी तो निबंध लिहिला, छापला, आणि चव्वेचाळीस वर्षांनी तो कामाला आला, हे सांगताना काकांचा गळा भरून येतो. इतका तो मुलीच्या लग्नातही भरला नव्हता. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी हळदीतल्या कर्क्युमिनवरचे शंभराहून जास्त मानवी अभ्यास चाळून, एकाही नीट आखलेल्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही असं लिहिलं. हा निबंध काकांच्या फाइलमध्ये आहे. त्याला चिकटपट्टी नाही.

काकांची पुतणी पॅथॉलॉजीत एमडी करते. तिचा प्रबंध द्यायचा होता. शोध घ्यायची तिची पद्धत म्हणजे दोन वर्षं पुढे असलेल्या सीनियरचा प्रबंध मिळवणं आणि त्याच्या मागच्या संदर्भांवरून हात फिरवणं. महाराष्ट्रातल्या रेसिडेंट डॉक्टरांची झोप बघता मी तिला दोष देणार नाही. पण काकांना हे कळलं आणि ते दर रविवारी तिच्या होस्टेलवर जाऊ लागले, लॅपटॉप आणि काकूंचे बेसनाचे लाडू घेऊन. हाताखाली काम करणारं कुणी नाही हे निवृत्तीतलं सगळ्यात मोठं दुःख, ते त्यांनी पुतणीवर भागवलं. ‘अ‍ॅनिमिया’ची दोन्ही स्पेलिंगं घे, ब्रिटिश आणि अमेरिकन. शब्दाच्या शेवटी तारा लाव, म्हणजे त्याची सगळी रूपं येतात. नोंद आहे म्हणून निबंध खरा मानू नकोस, मागे घेतलेले निबंधही सूचीत राहतात, फक्त तसा शेरा मारलेला असतो. ती लाडू खात ‘हो काका’ म्हणायची आणि तारीख मागच्या दहा वर्षांपुरती ठेवायची, म्हणजे निकाल कमी येतात.

त्यावर काकांनी तिला जॉन्स हॉपकिन्सची गोष्ट सांगितली. २००१ साली तिथे दम्यावर एक प्रयोग झाला, त्यात निरोगी माणसांना हेक्सामेथोनियम नावाचं औषध हुंगवलं. चोवीस वर्षांची एक मुलगी, तिथेच नोकरीला असलेली, फुप्फुसं निकामी होऊन गेली. संशोधकाने आधी पबमेड पाहिलं होतं. पण तेव्हा ते १९६६ पर्यंतच मागे जायचं, आणि त्या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे निबंध १९५० च्या दशकातले होते. हे सांगताना काका अजिबात विनोदी दिसत नाहीत. पुतणीने तारखेची अट काढून टाकली. तिचे निकाल तीनशेवरून अकराशेवर गेले आणि काकांचे रविवार पावसाळाभर वाढले.

दिवाळीनंतर काकूंच्या गुडघ्याने जोर धरला. सर्जन म्हणाले, बदलावा लागेल. काकांनी तीन आठवडे मागून घेतले आणि कामाला लागले. २००२ सालचा ह्यूस्टनचा अभ्यास त्यांच्या हाती लागला, दुर्बिणीने गुडघा साफ करणं आणि नुसता चीर देऊन साफ केल्याचं नाटक करणं यांत रुग्णांना काही फरक पडला नाही असं सांगणारा. ते शस्त्रक्रियांवर संशय घेत हिंडू लागले. ही शस्त्रक्रिया वेगळी आणि ती वेगळी, हे त्यांना कळत होतं. पण काकूंना टेबलावर झोपवायचं होतं, आणि त्यासाठी काकांना कुठल्याच फाइलमधून परवानगी मिळत नव्हती. निकालांचा तक्ता झाला, त्याला रंग दिले, रंगांची सूची झाली.

तोवर काकूंनी बी विंगमधल्या कुलकर्णी वहिनींना गाठून सगळी चौकशी केली, त्यांचा गुडघा मागच्या वर्षी बदललाय.

“तारीख घेतली मी,” काकू म्हणाल्या.

“अगं पण एका बाईवरून? एन इक्वल टू वन!”

“एकच आहे. पण जिना चढते.”

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काका फाइल न घेता आले होते. खिशात फक्त डब्याची पावती. सर्जन राउंडला आले तेव्हा काका उभे राहिले. मेश नाही, गोषवारा नाही. “डॉक्टर, तुम्ही स्वतः आतापर्यंत असे किती गुडघे केलेत?” सर्जन म्हणाले, “हजाराच्या वर असतील.” काकांनी मान हलवली. “एन बरा आहे,” असं पुटपुटले.

ट्रॉलीवर आडव्या काकू म्हणाल्या, “फॉलोअप किती वर्षांचा, तेही विचारून घ्या.”